काकांची बोटं

ज्या माणसानं मला एकादशीची साबुदाण्याची खिचडी मोकळी कशी करायची ते शिकवलं, त्याच माणसाच्या बेसमेंटमध्ये बंदुकीच्या सहाशे गोळ्या रांगेत मांडलेल्या असतात, हे मला अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आल्यावर चौथ्या दिवशी कळलं. मी वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकायला खाली गेलो होतो. कोपऱ्यातल्या दिव्याखाली काका पांढरा कोट, तोंडाला मास्क आणि हातात निळे ग्लव्हज घालून एकेक गोळी मऊ फडक्यानं पुसत बसले होते. वर देवघरात नुकतीच लावलेली उदबत्ती अजून दरवळत होती. माझ्या हातातली कपड्यांची टोपली खाली पडली. काकांनी मान वर न करता विचारलं, "पांढरे आणि रंगीत वेगळे केलेस ना?"

मी नागपूरचा. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि तासाभरात त्यांची तक्रार नोंदवायची, याचा मला पगार मिळतो. काका माझे घरमालक. वय चौऱ्याहत्तर, मूळचे पुण्याचे. पस्तीस वर्षं त्यांनी बेअरिंगच्या कारखान्यात वंगणाचं काम केलं होतं. स्वयंपाकघरात मुंगी दिसली तर तिला कागदावर घेऊन अंगणात सोडणारा हा गृहस्थ. शिकार सोडाच, उंदराचा सापळासुद्धा त्यांच्या घरात नव्हता. बंदूक एकच, तीही कुलपात, आणि ती महिन्यातून एकदा बाहेर निघायची ती कागदावर पाच-सात गोळ्या मारायला. शंभर काडतुसं भरायची आणि पाच उडवायची, हा कसला नाद, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "नेम काय, कोणीही धरेल. मला सारखेपणा हवा."

त्या घरात काही म्हणजे काही वाजायचं नाही. दाराच्या बिजागऱ्या, खिडक्या, ड्रॉवर, काकूंची शिवणाची मशीन, सगळ्यांना काकांनी कधी ना कधी काहीतरी चोळून ठेवलेलं. काका मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. पहिल्या महिन्यात मी तीनदा दचकून चहा सांडला. ते म्हणायचे, जगातला निम्मा त्रास घर्षणामुळे होतो आणि उरलेला निम्मा ते कमी करायला गेलेल्या अडाण्यांमुळे.

त्यांचा खरा जीव होता तो गोळीवरच्या थरावर. काडतूस म्हणजे पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी छोटी टोपी, आत बंदुकीची दारू, आणि तोंडाशी दाबून बसवलेली गोळी. हे सगळं दुकानात तयार मिळतं, पण इथे बरेच हौशी लोक घरी भरतात. काका दाबून बसवण्याआधी नुसत्या गोळीवर एका कोरड्या पांढऱ्या पावडरीचा थर चढवत. गोळ्या धुऊन तेलाचा अंश घालवायचा, डब्यात चिमूटभर पावडर आणि बेअरिंगचे छर्रे घालून तो डबा छोट्या यंत्रावर तासभर फिरवायचा. मग पुसायचं. तेल लावलं तर कचरा धरतं, ही पावडर धरत नाही. थर इतका पातळ की दिसतच नाही.

दिसत नाही तर तो आहे हे कळतं कसं, हा माझा टेस्टिंगवाला प्रश्न. काकांनी मला गोळ्यांना हात लावू दिला नाही. व्हिसावरच्या माणसानं यातल्या कशालाच हात लावायचा नाही, कायदा आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनी माझ्या तळहातावर दोन छर्रे ठेवले, एक थराचा आणि एक बिनथराचा. मला दोन्ही सारखेच लागले. त्यांनी डोळे मिटले, अंगठा आणि तर्जनी यांत छर्रा एकदाच फिरवला आणि म्हणाले, "हा थराचा. डोळा फसतो रे, बोट फसत नाही."

आणि ते खरंच फसत नसत. इंडियन स्टोअरमध्ये तांदळाच्या गोणीत बोटं घालून ते जुना की नवा ते सांगत. काकूंनी कणीक मळली की येता-जाता तिच्यात एक बोट दाबून निकाल द्यायचे, बहुतेक वेळा एकच, "पाणी कमी आहे." काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली, माझ्या कणकेला कधी पहिल्या नंबरानं पास केलं नाही ह्यांनी." पण पाणी लावायच्या. आणि पोळ्या मऊ व्हायच्या, हे काकूही नाकारत नसत.

बेसमेंटच्या त्या कोपऱ्याचं सोवळं फार कडक होतं. आपल्याकडे देवघरात जाताना सोवळं नेसतात, काका तिथून बाहेर येताना शुद्ध व्हायचे. तिथल्या चपला वेगळ्या, कोट तिथेच खुंटीला, हात गार पाण्यानं दोनदा धुवायचे, मग अंघोळ, आणि मगच चहा. शिसं आणि बारीक पावडर पोटात किंवा छातीत जाता कामा नये म्हणून हे सगळं. स्वयंपाकघरातला चमचा खाली नेला तर तो परत वर यायचा नाही, त्याचा जन्म तिथेच संपायचा. भिंतीवर सुवाच्य मराठीत नियम लिहिलेले. भरलेलं काडतूस डब्यात कधीही फिरवायचं नाही, फक्त नुसती गोळी. बंदुकीच्या आत तेलाचा थेंब राहता कामा नये. थर चढवलेल्या गोळ्यांचा नवा घाणा म्हणजे नवी परीक्षा, सगळ्यात कमी दारूच्या खालच्या पायरीपासून. काकू मला म्हणाल्या होत्या, "देवाच्या तांब्याला पारोशानं हात लावलास तरी एक वेळ चालेल, पण ह्यांच्या बरणीला नको."

मी लावला.

जानेवारीतला शनिवार होता. काका-काकू दोन दिवसांसाठी मुलीकडे गेले होते. माझे ऑफिसमधले पाच-सहा मित्र, सगळे पुण्या-मुंबईचे, जेवायला आले आणि कॅरम मांडला. तिसऱ्या बोर्डाला पावडर संपली. बाहेर फूटभर बर्फ, इंडियन स्टोअर पंचवीस मिनिटांवर. कोणीतरी मैदा आणायला सांगितला. मैद्यावर कॅरम म्हणजे आमच्या कॉलनीत गुन्हाच, आणि माझ्या डोळ्यांसमोर खालची ती बरणी आली. पांढरी, बारीक, मऊ. वर फक्त काकांच्या हातची तारीख, एक नंबर आणि पावडर कुठवर आहे त्याची खूण होती. मी खाली जाऊन अर्धी बरणी वाटीत ओतून आणली.

असा कॅरम मी जन्मात खेळलो नाही. स्ट्रायकरला नख लागलं की तो चारही भिंती फिरून यायचा. सोंगट्या थांबतच नव्हत्या. सगळे हसून लोळत होते. एक जण म्हणाला, "यार, कुठला ब्रँड आहे हा? मला पण मागवून दे." मी सांगितलं, इंडियातून आणलाय.

दुसऱ्या दिवशी अर्धी बरणी बघून मला लाज वाटली. आई-वडिलांचे संस्कार आडवे आले, घेतलेली वस्तू परत ठेवावी. मी इंडियन स्टोअरमधून कॅरमची चांगली बोरिक पावडर आणली, बरणी पहिल्या खुणेपर्यंत भरली, चमच्यानं ढवळून सारखी केली, झाकण होतं तसं लावलं. वर हातही धुतले, गार पाण्यानं. मी नुसती चोरी करून गप्प बसलो असतो तर काकांना फक्त बरणी अर्धी दिसली असती. मी प्रामाणिकपणा केला आणि त्यातच घात झाला.

फेब्रुवारीत काका बदलले. आधी मला वाटलं थंडीमुळे असेल. ते कणकेत बोट दाबेनासे झाले. काकूंनी मुद्दाम परात पुढे केली तर म्हणाले, "तूच बघ." इंडियन स्टोअरमध्ये गोणीवरचं लेबल वाचू लागले. अंघोळीचं पाणी फार कढत नाही ना, हे काकूंना विचारू लागले. मग एक दिवस गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, स्टेअरिंगचा हाताला भरवसा वाटत नाही, तू चालवत जा. काकू घाबरल्या. त्यांनी डॉक्टरची वेळ घेतली आणि मीच दोघांना घेऊन गेलो. काकांच्या बोटांना तारा लावून नसा तपासल्या. सगळं वयाच्या मानानं उत्तम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी आभार मानले आणि विश्वास ठेवला नाही. परत येताना काकू मागच्या सीटवर रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या आणि मी आरशातून त्यांना धीर देत होतो.

मार्चमध्ये नवा घाणा घेऊन ते रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर निघाले. गाडी मी चालवत होतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं, खाचांत उरलेला बर्फ. वेळ जावा म्हणून मी विचारलं की त्या पावडरीनं नेमका फरक काय पडतो.

"थर असला की गोळी नळीतून सुळकन जाते, दाब कमी पडतो," काका म्हणाले. "म्हणून दारू किंचित जास्त लागते. माझी जास्त दारूची मापं त्या थरासाठी आहेत. तीच दारू बिनथराच्या गोळीमागं घातली, तर वाढलेला दाब कुठं जाईल?"

"कुठं?"

"मागं. माझ्या तोंडाकडं."

गाडी किंचित बाजूच्या लेनमध्ये सरकली, मागून हॉर्न वाजला. बोलायचं होतं ते तेव्हाच बोलायचं होतं. आणि मी काय केलं? मनाशी हिशेब करत बसलो. अर्धी पावडर तर खरीच आहे. बोरिकपण गुळगुळीतच असते की, नाहीतर कॅरमला का वापरतात. काकांचा नियमच आहे खालच्या पायरीपासून सुरुवात करायचा. शिवाय ज्या कोपऱ्यात मी जायलाच नको होतं तिथे गेलो, हे बाहेर आलं तर खोली जाईल, आणि व्हिसाचं काही निघालं तर नोकरी. दुसऱ्याची चूक तासाभरात नोंदवणारा मी, पाऊण तास गाडी चालवत होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही.

रेंजवर मला पिवळ्या रेषेमागे उभं केलं. काकांनी चष्म्यावर जाड संरक्षक चष्मा चढवला, कानांवर मोठे मफ लावले, वेग मोजायचं यंत्र मांडलं, वही उघडली. पहिली गोळी सगळ्यात कमी दारूची. उडाली. काकांनी आकडा लिहिला. दुसरी उडाली. या वेळी ते आकड्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, यंत्राची वायर हलवून पाहिली. मी म्हणालो, "काका." मफमधून त्यांना ऐकू गेलं नाही. मी रेषा ओलांडून त्यांच्या खांद्याला हात लावू शकलो असतो. मी पुन्हा एकदा "काका" म्हणालो, आधीपेक्षा हळू, आणि आपण सांगायचा प्रयत्न केला, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. माझ्याच आवाजाची मला तेव्हा किळस आली, तरी मी जागचा हललो नाही.

तिसरी उडाली तेव्हा मला आवाजात काही फरक जाणवला नाही. पण काकांची मान एकदम मागे गेली. ते तसेच बसून राहिले, बंदुकीचं तोंड समोर धरून. मग नळकांडं बाहेर काढायला त्यांनी बंदुकीच्या बाजूची खिटीची मूठ उचलायला घेतली आणि ती उचलेना. बराच वेळ थांबून त्यांनी तळहातानं तिला खालून ठोकलं, तेव्हा ती सुटली. रिकामं नळकांडं हातात घेऊन त्यांनी बूड पाहिलं. टोपीला बारीक काळं भोक पडलं होतं. त्यातून मागे आलेला धूर संरक्षक चष्म्यावर बसला होता, उजव्या डोळ्यासमोर राखाडी डाग आणि त्यात मोहरीएवढे दोन ओरखडे. चष्मा काढून त्यांनी तो डाग बघितला. मीही बघितला. हे खालच्या पायऱ्यांवर झालं होतं. डब्यात अजून वरच्या पायऱ्यांची काडतुसं शिल्लक होती.

त्यांनी मफ काढले, बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, ती पेटीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझीच चूक. दारू तोलताना हाताला कळलं नसेल. बस झालं आता. हे सगळं काढून टाकतो."

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला तो सहन झाला नाही. मी तिथेच, उभ्या-उभ्या सांगितलं. कॅरम, बरणी, बोरिक पावडर, सगळं. काका ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, केव्हा. मग किती. मग ओली होती का. मग, ढवळायला कुठला चमचा घेतला होतास. मी सांगितलं, वरचा, पोह्यांचा. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

परतीच्या वाटेवर मला राहवेना, मी विचारलं की बोरिकमुळेच झालं का. ते म्हणाले, "असेल. नसेल. ती दमट होते, थर सारखा बसत नाही. पण आता मला माहीत नाही, आणि जे मला माहीत नाही ते मी उडवत नाही." उरलेली सगळी काडतुसं त्यांनी पुढच्या आठवड्यात त्यासाठीच्या पोकळ हातोडीत एकेक अडकवून, ठोकून सोडवली, गोळी वेगळी, दारू वेगळी. मला मदतही करता येत नव्हती. मी जिन्यावर बसून हातोडीचे ठोके ऐकत होतो. त्या न वाजणाऱ्या घरात तेवढाच आवाज.

पण ते नंतरचं. त्या दिवशी घरी पोचल्यावर त्यांनी कपडे बदलले, हात धुतले, अंघोळ केली आणि मला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. काकू ओट्याशी कणीक मळत होत्या. काकांनी वही जानेवारीच्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "पावडर बोटाला नेहमीसारखी लागत नाही. किंचित खरखरीत. बरणी तीच, खूण तीच. दोष पावडरीत असणं शक्य नाही. बोटं गेली."

पुढची पानं मीच उलटली. रोजची एक नोंद होती. डोळे मिटून तांदूळ ओळखले, खात्री नाही. सुई उचलली, दोनदा निसटली. छर्रे दहापैकी दहा बरोबर, पण अंदाजानं आले असतील. डॉक्टर ठीक म्हणतात, त्यांना काय कळणार. हिच्या कणकेला हात लावण्याचं धाडस होत नाही.

मला वाटत होतं की मी एका माणसाचा डोळा घालवणार होतो. ते तर होतंच. पण त्याआधी दीड-दोन महिने मी त्याच घरात जेवत होतो, त्यांना डॉक्टरकडे नेत होतो, आणि तो माणूस रोज स्वतःला थोडा थोडा खोटा ठरवत होता. बोटांनी पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. पण घरात खोटं वागणारं कोणी असेल हे काकांना सुचलंच नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटांना खोटं ठरवलं. मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

काकांनी मला रडू दिलं. मग पेन पुढे सरकवलं. "तू गाडीत बोलला असतास तर एकही गोळी उडाली नसती," ते म्हणाले. "ते मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस. आता हे दुरुस्त कर. चूक नोंदवणं तुझंच काम ना?"

मी त्या जानेवारीच्या नोंदीखाली लिहिलं, "बोटं बरोबर होती."

"कोणाची?"

मी लिहिलं, "काकांची बोटं बरोबर होती. बरणीत मी कॅरमची पावडर मिसळली." खाली तारीख घातली, सही केली. काकांनी वही जवळ ओढून ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचा अंगठा तर्जनीवर सावकाश फिरू लागला, एकदा, दोनदा, हातात काहीच नसताना.

ते उठले. ओट्याशी गेले. काकूंचा हात परातीत तसाच थांबला. काकांनी कणकेच्या गोळ्यात एक बोट दाबलं, थोडं थांबले, आणि म्हणाले, "पाणी कमी आहे."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि नळ सोडला.